समोरचा दिवा हलत नसेल तर: मासेमारी बोटीवर नव्याने जाणाऱ्यांसाठी समुद्रातले वाहतुकीचे नियम

हर्णैला काकांच्या बोटीवर मी पहिल्यांदा रात्रीच्या पहाऱ्याला बसलो तेव्हा मला एकच काम सांगितलं होतं: "दिवा दिसला की उठव." चहूकडे दिवेच दिवे होते, त्यामुळे मी दर पाच मिनिटांनी त्यांना उठवत होतो. तिसऱ्या वेळी काका उठून बसले, माझं डोकं केबिनच्या खिडकीच्या चौकटीला टेकवलं आणि म्हणाले, "आता हलू नको. तो दिवा चौकटीपासून लांब सरकतो काय बघ. सरकत असला तर झोपू दे मला. नाय सरकला तर तो आपल्यावरच येतोय."

पुढे काही वर्षं मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली. काकांची ती युक्ती टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सातव्या क्रमांकाचा नियम म्हणून छापलेली आहे, हे तिथे कळलं. जहाज जिथून चालवतात त्या उंच ब्रिजवरून आपली बोट किती क्षुल्लक दिसते, हेही तिथेच कळलं. काही वेळा ती दिसतच नाही. हा लेख पहिल्या हंगामाला निघालेल्या खलाशांसाठी आणि नुकतीच तांडेलकी (बोटीचं नेतृत्व) अंगावर पडलेल्यांसाठी आहे. जाळं कसं मारायचं ते तुम्हाला बोटीवर कोणीही शिकवेल. वाटेत जहाज आलं तर काय करायचं, हे मात्र बहुतेकांना एकदा घाबरल्यावरच समजतं.

ही नियमावली १९७२ची. १५ जुलै १९७७ पासून ती जगभर लागू आहे आणि भारतही तिला बांधील आहे. 'हे सगळं मोठ्या जहाजांसाठी, आपल्याला काय करायचंय' असं धक्क्यावर हमखास ऐकू येतं, पण ते खरं नाही. दोन माणसांच्या होडीपासून तेलवाहू जहाजापर्यंत सगळ्यांना तीच नियमावली आहे.

धक्का सोडण्याआधी

डिझेल, बर्फ, पाणी, शिधा हे कोणी विसरत नाही. विसरतात ते दिवे. अंधार पडायच्या आत बोटीवरचा प्रत्येक दिवा एकदा लावून बघा आणि एकाने धक्क्यावर उतरून लांबून बघावं. बॅटरीची टोकं गंजली आहेत का, तेही पाहा. लाइफ जॅकेटं मोजा. ती बर्फाच्या खणाखाली दाबून ठेवली असतील तर नसल्यातच जमा. वायरलेसवरून शेजारच्या बोटीशी एकदा बोलून घ्या. हवामान खात्याचा इशारा बघा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बंदी उठल्यावर सगळे एकदम सुटतात, पण ऑगस्टचा दर्या अजून पुरता निवलेला नसतो. नव्या माणसाची पहिली फेरी नेमकी त्याच दिवसांत पडते.

आणि एक गोष्ट बोटमालकाशी बोलून घ्या: जहाज अंगावर आलं तर जाळं कापायची तांडेलला मुभा आहे की नाही. लाखांचं जाळं असतं. ऐनवेळी मालक काय म्हणेल याचा विचार करत सुरा हातात धरून उभं राहिलेलं कोणी मला बघायचं नाही.

दिवे: बोट काय करतेय ते सांगायची भाषा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवणार आहे, कारण आपल्या बोटींवर सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो.

बोट नुसती चालली असेल, म्हणजे जाळं पाण्यात नसेल, तर ती साधी इंजिनवर चालणारी बोट. डोलकाठीवर पुढे रोखलेला पांढरा दिवा, उजव्या बाजूला हिरवा, डाव्या बाजूला लाल आणि मागे पांढरा. बोट १२ मीटरपेक्षा लहान असेल तर डोलकाठीवर सगळीकडून दिसणारा एकच पांढरा दिवा आणि दोन बाजूंचे लाल-हिरवे एवढ्यावर भागतं. बाजूचे दिवे १२ मीटर आणि त्याहून मोठ्या बोटीवर किमान दोन सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत, लहान बोटीवर किमान एका मैलावरून. दिवाळीच्या माळेतला हिरवा बल्ब काढून लावला तर तो दोन मैलांवरून दिसत नाही. मी असा लावलेला पाहिलाय, म्हणून सांगतोय.

जाळं पाण्यात गेलं की बोटीची ओळख बदलते. ट्रॉल (बोटीमागून ओढायचं जाळं) ओढत असाल तर एकावर एक दोन दिवे: वर हिरवा, खाली पांढरा. बाकी कुठल्याही जाळ्याने किंवा दोरीने मासेमारी चालू असेल तर वर लाल, खाली पांढरा. दोन्ही जोड्या चहूबाजूंनी दिसल्या पाहिजेत. बोट पाण्यातून पुढे सरकत असेल तर बाजूचे आणि मागचा दिवाही हवेत, थांबलेली असेल तर नकोत. डोलवाले, म्हणजे डोल जाळं लावणारे, नांगर टाकून मासेमारी करतात. त्यांनीही नांगराचा साधा पांढरा दिवा लावायचा नाही, लालाखाली पांढराच लावायचा. गिलनेटसारखं जाळं बोटीपासून आडवं दीडशे मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा दाखवायचा. जहाजाला त्यावरून कळतं की जाळं कुठल्या बाजूला आहे.

दिवसा दिव्यांऐवजी आकार टांगतात. मासेमारी करणाऱ्या बोटीचा आकार म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू. लांबून अगदी डमरू दिसतो. पत्र्याचा बनवून घ्यायला फार खर्च नाही, तरी शंभरातल्या पाच बोटींवरही मला तो दिसलेला नाही.

आता घोळाकडे. कित्येक बोटी धक्का सोडल्यापासून परत येईपर्यंत मासेमारीचे दिवे लावून फिरतात. 'आपण मच्छीमार, आपला दिवा हा' असा हिशोब. नियम तसा नाही. जाळं आत घेतलं की ते दोन दिवे विझवायचे. तुम्ही वर लाल, खाली पांढरा लावून आठ नॉटने (तासाला आठ सागरी मैल) घराकडे सुटलात तर जहाजाचा अधिकारी समजतो की बोट जाळ्यात अडकलेली आहे, फार हलणार नाही, आणि त्या हिशोबाने वळतो. तुम्ही सरळ त्याच्या नव्या वाटेत घुसता. अशी बनावट ओळख काही दिवस चालली की अधिकारी त्या दिव्यांवर विश्वासच ठेवेनासा होतो आणि खरोखर जाळं टाकून बसलेल्याची पंचाईत होते.

दुसरा घोळ एलईडीचा. डेकवर काम करायला उजेड हवाच, पण तो खाली रोखलेला हवा. नाहीतर त्या पांढऱ्या झगमगाटात लाल-हिरवा दिवा पूर्ण बुडतो. जहाजावरून मला रात्री कोकणचा किनारा दिसायचा तो असाच: पांढऱ्या ठिपक्यांचा लांबलचक पट्टा. कोण ओढतंय, कोण थांबलंय, कोण कुठे चाललंय, काही पत्ता नाही. त्यात लुकलुकणाऱ्या रंगीत माळा लावलेली एखादी बोट असली की विचारूच नका. ओळखीच्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा पहाऱ्यावरच्याचे डोळे दिपतील असे दिवे लावायला नियमाने मनाई आहे.

दिवा दिसला नाही तरी रडारवर बोट दिसेल, या भरवशावर राहू नका. लाकूड आणि फायबर रडारच्या लहरी नीट परतवत नाहीत. उंच लाटा असतील तर पडद्यावर लाट कुठली आणि बोट कुठली हे कळत नाही. अॅल्युमिनियमचा रडार रिफ्लेक्टर डोलकाठीवर जमेल तितका उंच बांधा.

पहारा

रात्रभर जाळं ओढून पहाटे सगळे आडवे होतात आणि बोट ऑटोपायलटवर किंवा प्रवाहाबरोबर वाहत राहते. असं एकदाही करू नका. एक जण जागा हवाच आणि त्याच्या डोळ्यांसमोर मोबाइल नको. उजेडाचा पडदा पाहिलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

हिशोब करून बघा. जहाज सोळा नॉटने येतंय, तुम्ही आठने त्याच्याकडे जाताय. दोघांमधलं अंतर तासाला चोवीस मैल कमी होतंय. म्हणजे सहा मैलांवर दिसलेलं जहाज पंधरा मिनिटांत तुमच्याजवळ. स्टोव्ह पेटवून चहा करून प्यायला तेवढाच वेळ लागतो. भरलेल्या मोठ्या जहाजाने इंजिन उलटं फिरवलं तरी थांबायला मैलभर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. शिवाय नाळेपुढचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोरचं, पाणी त्याला दिसत नाही. जहाजाच्या दोन लांब्या किंवा पाचशे मीटर, यांतलं जे कमी असेल तेवढं पाणी ब्रिजवरून दिसलं नाही तरी नियमाने ते चालतं. त्या पट्ट्यात तुम्ही गेलात की त्याच्या डोळ्यांपुरते तुम्ही नाहीच.

किनाऱ्यापासून दूर मोकळं पाणी म्हणजे धोका कमी, असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये केरळातल्या बेपूरहून निघालेली चौदा जणांची बोट मंगळुरूसमोरच्या खोल समुद्रात मध्यरात्रीनंतर एका कंटेनर जहाजाला भिडली. दोघेच जिवंत हाती लागले.

परप्रांतातून किंवा नेपाळमधून आलेले खलाशी बोटीवर असतील तर त्यांना पहाऱ्याला बसवण्याआधी एवढं तरी त्यांच्या भाषेत समजलंय ना, ते विचारून घ्या: कुठला दिवा दिसला की उठवायचं आणि उठवायला लाजायचं नाही.

दिवा बघून जहाज ओळखणं

चौकटीची युक्ती वर सांगितलीच. डोकं एका जागी टेकवा, बोट सरळ ठेवा आणि दिवा डोलकाठीच्या किंवा चौकटीच्या मानाने सरकतोय का बघा. होकायंत्र असेल तर त्याने दर दोन-तीन मिनिटांनी दिशा घ्या. दिशा तीच राहिली आणि दिवा मोठा होत गेला, तर टक्कर ठरलेली. फार मोठं जहाज अगदी जवळ असेल तर दिशा थोडी बदलूनही धडक बसू शकते, तिथे ही युक्ती अपुरी पडते.

पन्नास मीटर आणि त्याहून लांब जहाजाला वर दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली, मागचा वर. खालचा दिवा ज्या बाजूला, त्या बाजूला जहाजाचं तोंड. दोन्ही एका उभ्या रेषेत आले आणि खाली लाल-हिरवा दोन्ही दिसले, तर नाळ थेट तुमच्याकडे आहे. फक्त लाल दिसतोय, तर तुम्हाला त्याची डावी बाजू दिसतेय, तो तुमच्या डावीकडे चाललाय. फक्त हिरवा, तर उजवीकडे. नुसता एक पांढरा दिसत असेल तर बहुधा ती कोणाची तरी पाठ आहे आणि तुम्ही तिला गाठताय.

वाट कोणी द्यायची

जाळं पाण्यात नसताना:

समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. एकमेकांची डावी बाजू एकमेकांकडे राहते. मागून गाठणाऱ्याने, तो कोणीही असो, पुढच्याला सांभाळून जायचं. आडवे जात असाल तर जो तुमच्या उजव्या हाताला आहे त्याला तुम्ही वाट द्यायची. अशा वेळी तुम्हाला त्याचा लाल दिवा दिसतो आणि लाल म्हणजे काय ते रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. वाट देताना त्याच्या नाळेपुढून जायचं नाही, मागून जायचं. जहाजाच्या नाळेपुढून बोट काढली की जाळ्याला नशीब लाभतं, अशी समजूत काही जण अजून बाळगतात. त्यांच्या बोटीवर कामाला जाऊ नका, एवढंच म्हणतो.

वळायचं तर लवकर आणि ठसठशीत वळा. पाच-पाच अंशांनी चोरून वळलेलं समोरच्याला कळत नाही. तुमच्या दिव्याचा रंग त्याला बदललेला दिसला पाहिजे.

जाळं पाण्यात असताना साध्या इंजिनच्या जहाजाने तुम्हाला वाट द्यायची असते, अठरावा नियम तसं सांगतो. हा हक्क मात्र अर्धवट ऐकलेला असतो. ज्याचं सुकाणू किंवा इंजिन बंद पडलंय किंवा जो गाळ काढण्यासारख्या कामामुळे वळू शकत नाही, त्याला जमेल तितकी वाट तुम्ही द्यायची. आणि अरुंद वाटेत, म्हणजे बंदराच्या चॅनेलमध्ये, हा हक्क उरत नाही.

वाट देणं ज्याचं काम तो हलत नसेल तर? पाच किंवा जास्त छोटे भोंगे द्या, टॉर्चही तसाच मारा. याचा अर्थ 'तुझं काय चाललंय मला कळत नाही.' तरीही हलला नाही तर तुम्ही वळायचं. डाव्या हाताच्या जहाजासाठी शक्यतो डावीकडे वळू नका, कारण तो शेवटच्या क्षणी जागा झाला तर उजवीकडे, म्हणजे तुमच्याच अंगावर वळेल. अगदी जवळ आल्यावर हक्क कोणाचा हा प्रश्नच संपतो. टक्कर टाळण्यासाठी जे करता येईल ते दोघांनीही करायचं, हेही नियमातच आहे. जाळं कापायचं ते इथे.

चॅनेल, नांगरवाडा, तेलविहिरी

मुंबई बंदर आणि न्हावाशेव्याकडे जाणारा चॅनेल, जयगड, दिघी, धरमतर खाडीतल्या बार्जांची वाट: या पाण्यात मोठ्या जहाजाला डावी-उजवीकडे जागाच नसते. दोन्हीकडे पाणी उथळ. तो तुमच्यासाठी वळला तर गाळात रुतेल. म्हणून चॅनेलमध्ये मासेमारी करणाऱ्या बोटीने कोणाचीही वाट अडवायची नाही आणि वीस मीटरपेक्षा लहान बोटीने, मासेमारी करो वा न करो, फक्त चॅनेलमधूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला आडवं जायचं नाही. ओलांडायचा तर काटकोनात, पटकन. लाल-हिरवे बोये (पाण्यात तरंगणाऱ्या खुणा) म्हणजे चॅनेलच्या कडा. त्यांना बोट किंवा जाळं बांधणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय बोया सरकला तर उद्या तुमचाच भाऊ फसेल.

नांगरलेल्या जहाजांच्या आसपास मासळी मिळते, पण भरती-ओहोटीला अशी जहाजं नांगराभोवती फिरतात. उधाणाच्या दिवसांत तर जोराने.

बॉम्बे हायच्या तेलविहिरींच्या बाजूला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. खांबांभोवती मासे जमतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर मोह होतो. तिथे समुद्रतळावर पाइपलाइनी आहेत. नांगर किंवा ट्रॉल अडकला तर जाळ्याच्या नुकसानीवर भागणार नाही.

धुकं आणि पाऊस

काही दिसत नसेल तेव्हा जाळंवाल्याला वाट द्यायचा नेहमीचा हिशोब चालत नाही. सगळ्यांनीच वेग कमी करायचा. मासेमारी करणाऱ्या बोटीने एक लांब आणि दोन छोटे भोंगे द्यायचे, जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद, छोटा म्हणजे एक. नुसतीच चाललेली बोट एकच लांब देते. समोरून भोंगा आला तर बोट अगदी मंद करा, गरज पडली तर थांबवा. मधेमधे इंजिन बंद करून ऐका. आपल्या इंजिनच्या धडधडीत दुसऱ्याचा भोंगा बुडतो.

वायरलेसवर काय बोलायचं

व्हीएचएफचं (बोटीवरच्या वायरलेसचं) सोळा नंबर चॅनेल संकटासाठी आणि पहिली हाक मारण्यासाठी आहे. तिथे मासळीचा भाव, गाणी, शिव्या नकोत. जहाजावर असताना मी तासन्‌तास कोकणातल्या गप्पा ऐकल्यात. मला मजा वाटायची, पण शेजारचा फिलिपिनो अधिकारी आवाज कमी करायचा आणि मग खरी हाकही त्याला ऐकू गेली नसती.

जहाजाला हाक मारताना इंग्रजी तोडकंमोडकं चालतं. एवढं पाठ करा: "कार्गो शिप, कार्गो शिप, धिस इज फिशिंग बोट, ऑन युअर पोर्ट बो, टू माइल्स. नेट इन वॉटर. आय कॅनॉट मूव्ह." तुम्ही त्याच्या उजव्या हाताला असाल तर 'पोर्ट'ऐवजी 'स्टारबोर्ड'. मागोमाग जीपीएसचे आकडे सांगा, कारण त्याच्यासमोर तीस बोटी असतात. पण बोलण्यात वेळ घालवून वळायचं राहू देऊ नका.

सरकारने ३० ऑगस्ट २०२४ला पालघरहून एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाचे ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली. किनाऱ्याशी निरोपांची देवाणघेवाण आणि संकटाचा इशारा यासाठी ते चांगलं आहे. जवळून जाणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर बोट दिसायला मात्र एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) लागतं. दोन्हींत गल्लत करू नका.

टक्कर झालीच तर

आधी डोकी मोजा, जॅकेटं चढवा. सोळावर तीनदा "मेडे", बोटीचं नाव, जीपीएसचे आकडे, किती माणसं, काय झालं. इपर्ब किंवा डॅट (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) असेल तर बटण दाबा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. बोट उलटी होऊन तरंगत असेल तर तिला सोडून पोहत जाऊ नका. माणसाच्या डोक्यापेक्षा बोट कितीतरी लांबून दिसते.

धडक देऊन जहाज थांबलं नाही, असंही होतं. त्याचं नाव नाळेवर आणि मागे लिहिलेलं असतं, मागे नावाखाली बंदराचं नावही. अंधारात ते वाचता आलं नाही तरी वेळ, जीपीएसचे आकडे आणि ते कुठल्या दिशेला गेलं एवढं लगेच लिहून ठेवा. त्या वेळी त्या पाण्यातून कोण गेलं, ते एआयएसच्या नोंदींवरून शोधता येतं. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तिच्याशी शिसपेन्सिल दोरीने बांधा. ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.